वारंवार सर्दी, फुगलेले पोट आणि सात गोळ्या: आधी काय थांबवायचे, मग ताटात काय वाढवायचे

प्रश्न थोडक्यात असा: वय 42, वजन 70 किलो, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत दुसरी पाळी, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. गेल्या सहा महिन्यांत तीनदा सर्दी-खोकला झाला आणि दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स घेतला. तेव्हापासून पोट फुगते, छातीत जळजळते, सकाळी पोट साफ होत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढावी’ म्हणून मेडिकलमधून प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या) कॅप्सूल, मल्टिव्हिटॅमिन, व्हिटॅमिन सी 500, झिंक 50 आणि व्हिटॅमिन डी 60,000 चे सॅशे आणले आहेत. घरी रोज गुळवेलीचा काढा चालू आहे. शिवाय चार महिन्यांपासून स्वतःच्या मनाने पॅन्टोप्राझोल 40, म्हणजे आम्ल दाबायची गोळी. यातले काय ठेवू, काय सोडू, आणि खायचे काय?

आधी गोळ्यांचा निकाल लावू. खाण्याचे त्यानंतर सविस्तर सांगतो, कारण तुमचा खरा फायदा तिथेच आहे.

झिंक 50 आज बंद करा. पुरुषाला दिवसाला लागते सुमारे 17 मिलिग्रॅम. जेवण आणि गोळ्या मिळून रोज 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी प्रौढांसाठी मर्यादा धरली जाते. तुमची एक गोळीच 50 ची, त्यात मल्टिव्हिटॅमिनमधले झिंक वेगळे. हे महिनोन्महिने चालले तर आतड्यात तांबे शोषले जात नाही. तांबे कमी पडले की रक्त कमी होते आणि पांढऱ्या पेशीही घटतात, म्हणजे ज्यासाठी गोळी सुरू केली त्याच्या बरोबर उलट. उपाशीपोटी घेतल्यावर मळमळते ते वेगळेच.

व्हिटॅमिन सी 500 ची चघळायची गोळी आम्लधर्मी असते आणि तुमची छाती आधीच जळते आहे. रोज सी घेतल्याने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. नियमित घेणाऱ्या प्रौढांची सर्दी जेमतेम आठ टक्के लवकर ओसरते, म्हणजे सहा दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर घेतली तर तेवढाही भरवसा नाही. तुमची दिवसाची गरज 80 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅमच्या एका पेरूत 200 च्या आसपास मिळते. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी तर या गोळ्या सहज म्हणून घेऊच नयेत.

डी चे सॅशे ही सगळ्यात जपून हाताळायची वस्तू. 60,000 युनिटचे एक सॅशे आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, आणि तेही रक्तात कमतरता दिसली तर. जेवणानंतर दुधातून घेतले की चांगले शोषले जाते, कारण हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते. घरोघरी होणारी चूक म्हणजे चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून एकदा’ विसरून रोज एक घेणे. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढते: मळमळ, घट्ट शौच, सारखी लघवी, सारखी तहान, पुढे भ्रम आणि मूत्रपिंडाला इजा. तपासणी होईपर्यंत सॅशे कपाटात ठेवा.

गुळवेल थांबवा. सुंठ-मिरी-दालचिनीचा कडक काढा उपाशीपोटी घेतला की जळजळ वाढते, हे तर झालेच. पण 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यावर आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे होते की गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलींशी गल्लत होऊ शकते. दोन्ही बाजू मानल्या तरी तुमच्यासाठी अर्थ एकच: बाजारातून किंवा बांधावरून आणलेली वेल कोणती आणि तिचे प्रमाण किती, हे तुम्हाला ठरवता येत नाही. घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरती. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

प्रोबायोटिकचे उत्तर वेळेवर अवलंबून आहे. अँटिबायोटिक चालू असताना जुलाब होऊ नयेत म्हणून त्याचा उपयोग होतो, आणि त्यासाठी ते कोर्सच्या पहिल्या दिवसापासून घ्यावे लागते. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसिस बुलार्डी या दोन प्रकारांवर सर्वांत जास्त काम झाले आहे. जीजी हा जिवाणू आहे, म्हणून अँटिबायोटिकपासून दोन तासांचे अंतर ठेवायचे. बुलार्डी हे यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. नेहमीचा डोस 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. कोर्स संपल्यावर आठवडाभर चालू ठेवून बंद करायचे. कर्करोगाची औषधे चालू असलेल्यांनी, अवयव बदललेल्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये. तुमचा कोर्स संपून महिने झाले. आता कॅप्सूल ओढत राहण्यात अर्थ नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या 2018 च्या एका छोट्या अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले स्वतःचे मूळ जिवाणू परत यायला जास्त वेळ लागला. अभ्यास छोटा आहे, त्यावरून घाबरायचे कारण नाही, पण ‘घेऊन काय बिघडते’ हे म्हणणे तितके खरे नाही एवढे त्यातून कळते.

राहिले मल्टिव्हिटॅमिन आणि पॅन्टोप्राझोल. मल्टिव्हिटॅमिन बंद केले तरी चालेल. ज्याची कमतरता निघेल तेवढेच नेमके भरून काढू. पॅन्टोप्राझोल मात्र एकदम तोडू नका. चार महिन्यांनी अचानक बंद केले की आम्ल उसळून येते, आठ-दहा दिवस जळजळ दुप्पट वाटते, आणि माणूस ‘माझे गोळीशिवाय चालतच नाही’ असे समजून पुन्हा सुरू करतो. डॉक्टरांना विचारून 40 वरून 20, मग एक दिवसाआड, असे दोन ते चार आठवड्यांत उतरवा. जठरातले आम्ल हा शरीराचा पहिला पहारेकरी आहे. अन्नातून आलेले पुष्कळ जंतू तिथेच मरतात. ते आम्ल महिनोन्महिने दाबून ठेवले की पोटाचे संसर्ग सोपे होतात, बी12 आणि मॅग्नेशियम कमी शोषले जाते. गोळी गरजेची असेल तर ती जरूर घ्यायची, पण कुणीतरी तपासून दिलेली.

आता तपासण्या. हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, व्हिटॅमिन डी, थायरॉइडची टीएसएच, आणि एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर). शेवटची चुकवू नका. वारंवार संसर्ग होतात म्हणून लोक प्रतिकारशक्तीच्या गोळ्या घेतात आणि मागे साखर वाढलेली असते, हे फार वेळा निघते. जळजळ टिकून असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची श्वासाची किंवा शौचाची चाचणी होते. तिच्या आधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल आणि चार आठवडे अँटिबायोटिक घेतलेले नसावे, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निल येतो. आणखी एक. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन सर्द्या होणे हे नेहमीचेच आहे. सहा महिन्यांत तीन म्हणजे थोड्या जास्त, पण प्रतिकारशक्ती ‘गेली’ असे नाही. ताप नसेल, शिंका सकाळी किंवा कामावर गेल्यावर येत असतील, नाक पाण्यासारखे गळत असेल, तर ती फौंड्रीतल्या वाळूच्या-धुळीच्या त्रासाची सर्दी असू शकते. त्यावर उपाय मास्क आणि नाक-कान-घसा तज्ज्ञ, झिंक नव्हे. आणि साधी सर्दी विषाणूची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ते दोन कोर्स टळले असते तर बहुधा तुमचे पोटही इतके बिघडले नसते.

मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीलगतच असतो. आपल्याला न पचणारा चोथा हे या जिवाणूंचे अन्न. तो आंबवून ते जी आम्ले तयार करतात, विशेषतः ब्युटिरेट, त्यावर आतड्याच्या भिंतीतल्या पेशी जगतात. भिंत धड असेल तर नको ते आत शिरत नाही आणि प्रतिकारक पेशी उगाच भडकत नाहीत. ‘पोट आणि प्रतिकारशक्ती’ यांचा संबंध तो हा. म्हणून रोज चोथा, रोज थोडे आंबवलेले, पुरेशी प्रथिने आणि वेळेवर जेवण, एवढ्यावर लक्ष द्यायचे.

प्रथिनांपासून सुरू करू, कारण जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे प्रथिनांचीच बनतात आणि त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम धरले तर तुम्हाला दिवसाला 58 ग्रॅम हवीत. बुधवार-रविवारच्या मटणावर हा हिशेब भागत नाही. बाकी पाच दिवस काय, हा प्रश्न उरतो. पांढरा आणि तांबडा रस्सा चार वाट्या प्यायल्याने ताकद येते असा आपल्याकडे समज आहे. रस्सा घसा शेकतो, भूक वाढवतो, पण प्रथिने फोडीत असतात, रश्श्यात थोडीच उतरतात. पांढऱ्यात नारळाचे दूध-काजू, तांबड्यात तर्री. जळजळ असलेल्याने वाटीभरावर थांबावे आणि फोडी खाव्यात.

तुमचा रोजचा हिशेब असा बसवा. सकाळी दोन अंडी, 12 ग्रॅम. साठ ग्रॅम पिठाची एक अशा ज्वारीच्या चार भाकऱ्या दिवसभरात, 24 ग्रॅम. एका जेवणात 30 ग्रॅम कोरड्या डाळीचे वरण, दुसऱ्यात तेवढ्याच मटकीची उसळ, प्रत्येकी 7. दीडशे ग्रॅम दही, 5. मूठभर भाजके शेंगदाणे, 25 ग्रॅम, त्यातून 6. बेरीज 61. पावडरीच्या डब्याची गरज पडत नाही. शेंगदाणे मात्र निवडून घ्या. सुरकुतलेले, कडू, बुरशी धरलेले दाणे भाजून विष जात नाही. ते फेकायचे.

चोथ्याचा हिशेब यातच होतो. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम चोथा, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. चार भाकऱ्यांतून 24 ग्रॅम मिळतो, वरून उसळ आणि भाज्या. भाजी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटाला 400 ग्रॅम भाजी आणि 100 ग्रॅम फळ धरले आहे. आपल्या ताटात भाजी चटणीसारखी कोपऱ्यात असते. दोन्ही जेवणांत मोठी वाटी भरून हवी. कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीच्या मंडईत पोकळा, तांदळी, चाकवत, शेपू, अंबाडी मिळतात; आठवड्यात चार वेगवेगळ्या पालेभाज्या घरात आल्या पाहिजेत, कारण वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळा चोथा लागतो. भाजी शिजल्यावर, गॅस बंद करून लिंबू पिळा. सी उष्णतेने नष्ट होते, आणि भाजीतले लोह शोषायला सी लागते.

इथे एक चूक बहुतेकांची होते: सोमवारपासून सगळे एकदम. चपाती-भातावरच्या पोटाला एका दिवसात चार भाकऱ्या आणि दोन उसळी दिल्या की जिवाणू धडाधड आंबवायला लागतात, वायू होतो, पोट ढोलासारखे, आणि गुरुवारी माणूस परत पावावर. पहिला आठवडा एकाच जेवणात भाकरी. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही जेवणांत. तिसऱ्यात उसळ रोज. बरोबर पाणी. फौंड्रीच्या भट्टीजवळ घामाने किती जाते याचा अंदाज लघवीच्या रंगावरून घ्या. पाळी संपताना ती गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले आहे, आणि कोरड्या आतड्यात चोथा अडकतो. तुमच्या कामाला तीन लिटर कमीच म्हणता येईल. तीन आठवड्यांनीही पोट साफ नसेल तर इसबगोल: एक चमचा, साधारण 5 ग्रॅम, मोठ्या पेल्यात 250 मिलिलिटर पाण्यात घालून लगेच प्यायचे, फुगून घट्ट होऊ द्यायचे नाही. त्यावर आणखी एक पेला पाणी. इतर औषधांपासून दोन तास लांब. झोपण्याच्या तोंडावर, कमी पाण्यात घेतले तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. अन्न गिळताना अडकते अशी तक्रार असेल तर इसबगोल घेऊच नका.

मटकीला मोड आणण्याची पद्धत नीट पाळा. एक वाटी मटकी आठ तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, स्वच्छ धुवा, ओल्या सुती फडक्यात सैल बांधून बारा ते चौदा तास ठेवा, मध्ये एकदा पाणी शिंपडून निथळू द्या. बुळबुळीत झाली किंवा वास आला तर पाणी नीट निथळले नव्हते किंवा फडके मळके होते. ती मटकी टाका. मोड आल्याने दाण्यातले फायटेट कमी होते. हेच फायटेट लोह आणि झिंक धरून ठेवते. म्हणजे झिंकच्या गोळीऐवजी झिंक मोकळे करण्याची सोय मोड आणण्यातच आहे. पावसाळ्यात कच्चे मोड खाऊ नका. त्या उबेत-ओलाव्यात जंतूही वाढतात. वाफवून किंवा शिजवूनच.

मिसळीबद्दल प्रश्न येणारच. मिसळीतली मटकी चांगली, अडचण तर्रीची, फरसाणाची आणि पावाची. तेल जठर रिकामे व्हायला उशीर लावते, तिखट आधीच सोललेल्या अन्ननलिकेला झोंबते. जळजळ आटोक्यात येईपर्यंत, सहा आठवडे तरी, टाळा. नंतर आठवड्यातून एकदा, मटकी जास्त, तर्री बाजूला, दही बरोबर, आणि उपाशीपोटी नको.

पोट फुगण्यामागे एक खास कोल्हापुरी कारण असू शकते, म्हणून यावर थोडे थांबतो. आपल्या प्रत्येक वाटणात कांदा आणि लसूण भरपूर, चटणीतही तेच. या दोन्हींत आणि गव्हात फ्रुक्टान नावाचे कर्बोदक असते. ते कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाही, पण काहींच्या मोठ्या आतड्याला त्याचा वायू सोसत नाही. अँटिबायोटिकनंतर हा त्रास जाणवू लागलेले बरेच जण असतात. दोन ते तीन आठवडे प्रयोग करा: कांदा, लसूण, कांदा-लसूण चटणी आणि गहू बंद. ज्वारी, तांदूळ, नाचणी चालतात. चव हवी तर तेलात लसणाच्या पाकळ्या ठेचून लाल करा आणि पाकळ्या काढून टाका. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही, त्यामुळे वास येतो आणि वायू होत नाही. हिंग-जिरे आहेच. फरक पडला तर एकेक वस्तू परत आणा. तीन दिवस फक्त गहू, मग तीन दिवस शिजलेला कांदा, मग लसूण. कोणती वस्तू किती खाल्ल्यावर फुगते ते वहीत लिहा. काहीच फरक पडला नाही तर सगळे परत सुरू करा. कायमचा कांदा-लसूण सोडायची गरज नाही, उलट हेच फ्रुक्टान चांगल्या जिवाणूंचे अन्न आहे. दुधाने फुगत असेल तर तसाच प्रयोग दुधावर करा. दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असते, बहुतेकांना ते सोसते.

दुधाचा विषय निघाला म्हणून गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यांबद्दल. समोर म्हैस पिळून पेल्यात घेतलेले फेसाळ धारोष्ण दूध ही इथली जुनी आवड आहे, आणि त्या दुधाच्या ताजेपणाला तोड नाही. पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षयाचे जंतू, कॅम्पायलोबॅक्टर येऊ शकतात, म्हैस दिसायला धडधाकट असली तरी. ज्याचे पोट अँटिबायोटिकने आधीच नाजूक झाले आहे, जो आम्ल दाबायची गोळी घेतो, गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध, यांनी ते दूध घरी नेऊन उकळूनच घ्यावे. प्रथिने आणि कॅल्शियम उकळल्याने कुठे जात नाही.

त्याच दुधाचे दही घरी लावा. उकळून कोमट होऊ द्या. 40 ते 42 अंश, म्हणजे बोट दहा सेकंद सहज ठेवता येईल इतके. अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण, नीट घुसळून. उन्हाळ्यात पाच-सहा तास, डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा, भांडे टॉवेलात गुंडाळून. लागताच फ्रीजमध्ये. पातळ राहिले तर दूध फार गार होते किंवा इतके गरम की विरजण मेले. तार सुटली तर विरजणात दुसरे जंतू शिरले आहेत, ते पूर्ण बदला. फार आंबट झाले तर विरजण जास्त किंवा वेळ जास्त. ताकासाठी एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी, जिरेपूड, हिंग, चिमूटभरच मीठ. दिवसाला मीठ सगळे मिळून 5 ग्रॅम, आणि लोणचे-पापड-चटणीतून ते आधीच भरत आलेले असते. कढी केली की जिवंत जिवाणू मरतात. महिनोन्महिने फ्रीजबाहेर टिकणाऱ्या पाकिटातल्या ताकातही ते नसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 2021 च्या अभ्यासात दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या निरोगी प्रौढांच्या आतड्यातल्या जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि सूज दाखवणारे रक्तातले घटक कमी झाले. आपल्या घरात त्याची सोय पिढ्यान्पिढ्या आहे.

नाचणीची आंबील तुमच्या सकाळसाठी फार योग्य. चार चमचे पीठ वाटीभर पाण्यात रात्री कालवून झाकून ठेवा. सकाळी तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे सोडा, सारखे ढवळत सात-आठ मिनिटे शिजवा. खाली उतरवून कोमट होऊ द्या आणि मगच वाटीभर ताक, जिरे, मीठ मिसळा. उकळत्या आंबिलीत ताक ओतले तर ते फाटते आणि त्यातले जिवाणूही मरतात. रात्रभर आंबल्याने फायटेट कमी होते, आणि नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

पाळीत पाच-सहा कप चहा होतो असे धरतो. जेवणाच्या आधी-नंतर एक तास चहा नको, त्यातले टॅनिन लोह अडवते. रिकाम्या पोटी कडक चहा आणि तंबाखू, दोन्ही जळजळ वाढवतात. तंबाखूने जठराच्या तोंडाची झडप सैल पडते. दिवसाला तीन कपांवर या.

जळजळीचे मुख्य कारण मात्र मला तुमच्या घड्याळात दिसते. अकराला पाळी सुटली, पावणेबाराला भरपेट जेवण, साडेबाराला आडवे. जठर रिकामे व्हायला तीनेक तास लागतात. रात्रीचे मुख्य जेवण डब्यात न्या आणि साडेसातच्या सुट्टीत खा: भाकरी, उसळ, भाजी. घरी आल्यावर फक्त आंबील किंवा थोडा मऊ भात-ताक, आणि झोपेपर्यंत तासभर तरी बसते-उभे राहा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू पंधरा सेंटिमीटर उंच करा. उशा वाढवून उपयोग नाही, त्याने पोट दुमडते आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. आणि झोप सात तास भरली पाहिजे, मग उठणे आठला का होईना. कमी झोपणाऱ्यांना सर्दी लवकर गाठते हे नीट तपासून झालेले आहे.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर पूरक गोळ्यांचे ठरवा. डी 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ते सॅशे आठवड्याला एक, आठ आठवडे, आणि नंतरचा डोस डॉक्टर ठरवतील. बी12 कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन. पॅन्टोप्राझोल आणि मधुमेहातले मेटफॉर्मिन दोन्ही बी12 घटवतात. फेरिटिन कमी असेल तर लोह, लिंबूपाण्याबरोबर, चहा-दूध-कॅल्शियम लांब ठेवून. चाळिशीतल्या पुरुषात लोह कमी निघाले तर रक्त कुठून जाते आहे हे शोधल्याशिवाय नुसती गोळी घेत राहू नये. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोह-कॅल्शियम चार तासांनंतर. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिके दूध, लोह, झिंक यांना चिकटून वाया जातात, त्यांतही अंतर हवे. पूरक आहाराच्या डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ असलेल्या डब्यावर रोग बरा करण्याचा दावा दिसला तर तो डबा दुकानातच ठेवा.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला हवे. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर पंचगंगाकाठच्या घरांना पाण्याचे मोल कळले आहे. गढूळ पाणी आधी गाळा, मग खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा, आणि भांड्यात हात न बुडवता वरून ओता. बाहेरचा बर्फ, उसाच्या रसातले पाणी, गाड्यावरची हिरवी चटणी जून ते सप्टेंबर बंद. कावीळ आणि विषमज्वर यातूनच येतात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि दरवर्षीची फ्लूची लस याबद्दल डॉक्टरांशी बोला; प्रतिकारशक्तीसाठी बाटलीतल्या कुठल्याही काढ्यापेक्षा लस जास्त काम करते. घरात ओआरएसची पाकिटे ठेवा. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामे करायचे, अर्धे-अर्धे अंदाजाने नाही, आणि केलेले पाणी चोवीस तासांनी टाकायचे. लहान मुलाला जुलाब झाले तर ओआरएसबरोबर झिंक, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. झिंकचा सगळ्यात पक्का उपयोग तो हा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र सर्दीवर म्हणून मध चाटवू नका, त्यातून बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

सहा ते आठ आठवडे हे सगळे करून बघा. त्याआधीच यातले काही दिसले तर थांबू नका: शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच (लोहाची गोळी चालू असेल तर रंग काळसर होतो, तरी डॉक्टरांना सांगा), काही न करता वजन उतरणे, घास गिळताना अडकणे, झोपेतून उठवणारे जुलाब, तीन दिवसांवर ताप, पिवळे डोळे, वारंवार उलट्या. आणि एकाच वर्षात दोनदा न्यूमोनिया, किंवा सतत तोंडात पांढरा थर, किंवा न भरणाऱ्या जखमा असतील तर तो आहाराने सुटणारा प्रश्न नाही. त्यासाठी फिजिशियनकडून प्रतिकारशक्तीची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते.